लाडवांवरचा कागद

झाशी, १२ जानेवारी

तीर्थरूप आईस, निरंजनचा झाशीहून वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. मालगाडीचं इंजिन जुनं, हीटर नावालाच; पण तुझा स्वेटर आहे, भागतं. दाराच्या फटीतून वारा येतो, म्हणून काल तुझ्या लाडवांभोवतीचं वर्तमानपत्र तिथं कोंबलं. बरुआसागरला गाडी तासभर थांबली, तेव्हा बाहेर राहिलेला तुकडा मोठ्यानं वाचला. आपल्या फलटणचे कांद्याचे भाव होते.

ड्रायव्हर तिवारीजींनी विचारलं, "भैया, किससे बतिया रहे हो?" मी म्हटलं, "घरवालों से."

बाबांचा खोकला कसा आहे? पुढच्या वेळी लाडू कमी पाठवलेस तरी चालेल, कागद मात्र चार जास्त गुंडाळ. बाबांनी विचारलं तर सांग, थंडीसाठीच हवेत.

तुझा,
निरंजन