टपालाने शिकणारा गुंडू

४ जुलै

चि. टकळीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा निबंध पोचला. 'भावी शिक्षिकेच्या नजरेतून तंत्रज्ञान' हे शीर्षक वाचून मी आधी चष्मा पुसून घेतला. भाषा शुद्ध, मांडणी नीट, अक्षर मात्र छापील, म्हणजे तुझं नव्हे. पहिल्याच पानावर तू म्हणतेस की तंत्रज्ञान हे साधन आहे, साध्य नाही. मान्य. इतकं मान्य की त्यावर कुणाचं भांडण होणार नाही. आणि ज्यावर भांडण होत नाही ते लिहायला कागद कशाला नासवायचा, असं मी माझ्या संस्कृतच्या वर्गात नेहमी सांगत असे.

तिसऱ्या पानावर मात्र थबकले. पाठाचा सराव म्हणे तू आता त्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या यंत्रावर करतेस. त्याला सांगायचं, पाचवीतला विद्यार्थी हो, की तो होतो. छान. तू या शिक्षकांच्या कॉलेजात गेल्यापासून ही नोकरी माझ्याकडे होती. तू पाठाचं टाचण पाठवायचंस आणि मी मागच्या बाकावरचा गुंडू होऊन, सगळं चुकवून, उलट टपाली उत्तरं धाडायची. गुंडूचं अक्षर मोडकं दिसावं म्हणून मी डाव्या हाताने लिहिते, हे तुला ठाऊकही नसेल.

मला मत्सर वाटतो असा गैरसमज करून घेऊ नकोस. षड्रिपूंत मत्सराचा नंबर शेवटचा, आणि मला अजून आधीच्या पाचांतून सवड मिळालेली नाही.

लोभ असावा. यंत्रावर खर्च होऊन काही उरलाच, तर तो इकडे पाठवावा.

तुझी आत्या

१३ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते म्हणाले, तुझी आत्या लहानपणी माझ्या नव्या सायकलशीसुद्धा महिनाभर बोलत नव्हती.

अगं, तुझा गुंडू येतो आठवड्याने, यंत्रातला येतो लगेच. पुढच्या महिन्यात माझा अंतिम पाठ आहे. पाचवीचा खरा वर्ग, अपूर्णांक, आणि मागे परीक्षक. पाठ चांगला झाला तर याच शाळेत जागा मिळणार. नाही झाला तर वर्ष गेलं, आणि जागा दुसऱ्या कुणाची. मग मिळेल तेव्हा सराव का करू नये? निबंधात लिहायचं धाडस झालं नाही ते तुला सांगते. मला यंत्राची भीती नाही वाटत, फळ्यापुढे उभं राहण्याची वाटते. त्याच्यासमोर चुकले तर कुणी हसत नाही.

घरातलं म्हणशील, तर बाबा जन्मभर ज्या रस्त्याने कामावर गेले तोच रस्ता आता फोनला विचारून निघतात. आई म्हणते, एक दिवस बायको कोण तेही त्यालाच विचारतील. पण त्याच फोनमुळे त्यांची रक्तदाबाची गोळी चुकायची थांबली. म्हणून मला सरसकट चांगलं म्हणता येत नाही आणि वाईटही म्हणवत नाही.

बाबांचा जुना टॅब पाठवते आहे. नावं ठेवायच्या आधी एकदा बोलून तर बघ. अपूर्णांकांचं टाचणही सोबत आहे, गुंडूला दे.

राग गेला की लोभ करावा, पण राग लवकर जावा.

तुझीच,
टकळी

२४ जुलै

चि. टकळीस,
अनेक आशीर्वाद.

टॅब पोचला. शेजारच्या परिचारिकेने तो सुरू करून दिला आणि मी लगेच त्याची तोंडी परीक्षा घेतली. एका श्लोकाचा अर्थ विचारला, तो बरोबर सांगितला. मग मी जागच्या जागी रचलेल्या, कुठेच नसलेल्या श्लोकाचा अर्थ विचारला. तोही सविस्तर सांगितला, कवीच्या घराण्यासकट. चूक दाखवली तर म्हणाला, तुमचं अगदी बरोबर आहे. म्हणून मुद्दाम काहीतरी चुकीचं ठोकून दिलं. तेव्हाही माझं अगदी बरोबर होतं. असं सासर मिळणार असतं तर मी लग्नाला नाही म्हटलं नसतं.

पण खोटं कशाला बोलू? दुपार कशी सरली कळलं नाही, गॅसवरचं दूध उतू गेलं. इतका वेळ माझं कुणी ऐकून घेतलं नव्हतं. तू तिथे का रमतेस ते समजलं, आणि समजून काही बरं वाटलं नाही.

गुंडूची उत्तरं जोडली आहेत. हात दुखतो म्हणून या वेळी छापून घेतली. गुंडू कसा वाटला ते मनमोकळेपणाने कळव. अगदी मनमोकळेपणाने.

लोभाचं काय ते तुझ्यावर सोपवते.

आत्या

१ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

इतका चांगला गुंडू तू आजवर पाठवला नव्हतास. आधी म्हणतो, चार हे दोनापेक्षा मोठे, म्हणून पाव हा अर्ध्यापेक्षा मोठा. माझी कागदाच्या घड्यांची युक्ती वाचली की लगेच चूक सुधारतो. आणि शेवटी लिहितो, बाई, आता सगळं समजलं, तुम्ही किती छान शिकवता. मला भरूनच आलं. आधीच्या गुंडूपायी मी कितीदा टाचणं फाडली आहेत. हा वाचून पहिल्यांदा वाटलं की मला शिकवता येतं.

आता टाचणात अक्षरही बदलणार नाही. पाठ सतरा तारखेला आहे. आणि तुला यंत्राचा हेवा वाटत होता ना? तू त्याच्यापेक्षा सरस आहेस, हे लेखी देते.

लोभ आहेच, आज जरा जास्त आहे.

टकळी

८ ऑगस्ट

चि. टकळीस,
आशीर्वाद. आज अनेक नाहीत.

तो गुंडू मी लिहिलेला नव्हता. तुझं टाचण त्या यंत्राला दिलं, पाचवीतला मठ्ठ पोरगा हो म्हटलं, आणि निघालं ते तुला धाडलं. तू ओळखशील, अशी मी माझ्याशीच पैज लावली होती. हरले, आणि हरल्याचं तू लेखी दिलंस. त्यानंतर तो टॅब मी उशीच्या अभ्र्यात कोंबून कपाटात टाकला. आवाज बाहेर येऊ नये म्हणून नव्हे, तोंड दिसू नये म्हणून.

मग चडफडत तुझं टाचण पुन्हा वाचलं, आणि हेवा बाजूला राहून धास्तीच बसली. त्या गुंडूला समजायचंच होतं, टकळे. तू चुकायला सांगतेस म्हणून तो चुकतो, आणि समजावलंस की समजून घेतो, कारण तुला तेच हवं असतं. वर्गातल्या पोरांना तुला बरं वाटावं अशी कसलीही घाई नसते. टाचण बदल. आता हा माझा गुंडू, डाव्या हाताचा:

"बाई, काल मला पाव कलिंगड मिळालं आणि ताईला अर्धं बिस्कीट. तुम्ही म्हणता अर्धं मोठं. मग ताई का रडली?"

फसवलं म्हणून रागावायचं असेल तर जरूर रागाव, फक्त सतरापर्यंत आटप. लोभाला माझ्याकडे दुसरं गिऱ्हाईक नाही.

आत्या

१८ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

रागावले होते, तेही दोनदा. एकदा फसवलंस म्हणून, आणि एकदा गुंडूचं खरं निघालं म्हणून. अर्धं आणि पाव एकाच वस्तूचं असलं पाहिजे, हे माझ्या टाचणात कुठेच नव्हतं. शिवाय तुला कळू दे, मलाही हेवा वाटला. माझ्याशी बोलताना तुझं दूध कधी उतू गेलेलं नाही. मग टाचण फाडलं आणि नव्याने लिहिलं.

काल वर्गाला सुरुवातीलाच ताई का रडली ते विचारलं. सगळे हसले आणि मग भांडायला लागले. अर्ध्या वर्गाचं मत पडलं की ताई लाडावलेली आहे. परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. पहिल्या बाकावर एक मुलगी होती, जाड भिंगांचा चष्मा घातलेली. तिला फळा दिसत नाही, म्हणून मी चित्रं शाळेच्या टॅबवर मोठी करून दिली होती. ती टॅब नाकाशी धरून बराच वेळ कलिंगड लहान आणि बिस्कीट मोठं करत बसली. मग उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, आधी वस्तू एकच आहे का ते सांगायला हवं. तुम्ही सांगितलंच नाहीत."

आत्या, तिचं ते उभं राहणं तू पाहायला हवं होतंस. बोलताना ती माझ्याकडे बघत नाही, माझ्या खांद्यावरून पलीकडे बघते. पेन्सिल दातात धरते. तास संपल्यावर माझ्यामागे आली आणि विचारलं, शून्याचं अर्धं किती? मी सांगितलं तर म्हणाली, मग त्याला अर्धं का म्हणायचं? रात्रभर मी त्यावर काय सांगायचं याचाच विचार करते आहे. नाव विचारायचं राहिलं, सोमवारी विचारीन. ती डबा एकटीच खाते. का, ते शोधायचं आहे.

तू बरी असशीलच. जागा नक्की झाली.

टकळी

२५ ऑगस्ट

चि. टकळीबाईंस,
अनेकानेक आशीर्वाद. मागच्या वेळचे राहिलेलेही यातच धर.

पत्रात त्या चष्मेवाल्या मुलीने सगळी जागा अडवली आहे. माझ्या वाट्याला एक वाक्य, तेही मी बरी असेन असं धरून चालून. नोकरी लागल्याची बातमी तर तू दार लोटता लोटता सांगितल्यासारखी सांगितलीस. जिच्यासाठी वर्षभर जीव टांगणीला लागला होता, ती जागा मिळाल्यावर तिच्याबद्दल सांगायला तुला सवड नाही. शून्याच्या अर्ध्याला आहे.

यंत्राचा हेवा मी विनोदात गुंडाळून ठेवला होता. या मुलीचा वाटतो तो जो भेटेल त्याला सांगत सुटले आहे. परिचारिकेला सांगितला, पोस्टमनला सांगितला. टॅब कपाटातून काढून त्यालाही सांगितला. तो म्हणाला, हेवा वाटणं स्वाभाविक आहे, खोल श्वास घ्या. घेतला. तरी वाटतोच, आणि माझी काही तक्रार नाही.

ती डबा एकटी का खाते ते आधी शोध, शून्य थांबेल. मग सगळं सविस्तर कळव. माझ्याबद्दल लिहायला जागा उरली नाही तरी चालेल. म्हणजे चालणार नाही, पण मी चालवून घेईन.

तिच्यावर लोभ असावा, तो वाढावा. त्यातला थोडा वाटेत सांडून माझ्या दारात आला, तर मी काही परत धाडणार नाही.

तुझी आत्या