लॉबी कार्डांचे काठ आणि त्यांचा वारस

मी, श्रीमती हेमलता मधुकर निजसुरे, वय चौऱ्याहत्तर, एका सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग सेक्शनमधून निवृत्त, राहणार राजाजीनगर, बेंगळुरू, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉ. नीरजा यांचा तसा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझे दीर देवव्रत यांना नुसत्या माझ्या शब्दावर हे पटणार नाही. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. असते तर इतक्या मोकळेपणाने लिहिले नसते.

१. राहते घर माझ्या नावावर आहे. ते माझ्यामागे माझा एकुलता एक मुलगा चि. प्रणीत याला मिळावे. तो सर्जापूर रोडला उंच इमारतीत राहतो आणि ट्रॅफिकचे कारण सांगून सणासुदीलाच इकडे फिरकतो. हे घर पाडून तो चार मजले बांधणार हे मला ठाऊक आहे. खुशाल बांधावेत. इमारतीला माझे नाव मात्र देऊ नये. 'हेमलता एन्क्लेव्ह कुठे आहे?' असे कुरिअरवाले गल्लीभर ओरडत फिरणार, या कल्पनेनेच अंगावर काटा येतो.

२. बँकेतील ठेवी प्रणीतला, दागिने सून सौ. यशश्री हिला. मोडून नवे घडवले तरी हरकत नाही. तेव्हा नाक मुरडायला मी नसेन.

३. शेजारच्या विमला अक्कांकडे माझे इडलीपात्र आहे. 'स्वल्प दिवस इरली', थोडे दिवस राहू दे, म्हणून त्यांनी ते नेले, तेव्हा प्रणीत शाळेत जात होता. ते आता कायदेशीररीत्या त्यांचेच समजावे. इडल्या त्या माझ्यापेक्षा चांगल्या करतात, हे कबूल करायला मरणाचा मुहूर्तच बरा.

४. आता मुख्य जिनसेकडे वळते. माझ्या खोलीतले लोखंडी कपाट जुन्या लॉबी कार्डांनी भरलेले आहे. पूर्वी थिएटरच्या व्हरांड्यात काचेआड मांडत ती ही कार्डे: मधोमध पिक्चरमधला फोटो, भोवती नक्षीचा काठ. लोकांचा समज आहे की मला सिनेमाचे वेड आहे. तो साफ चुकीचा आहे. पिक्चर सुरू झाला की मला झोप येते. कै. मधुकर एकदा तिकिटांच्या रांगेत उभे असताना मी सहज त्या काचेसमोर गेले. फोटोतल्या बाईला कोणी गुंड पळवून नेत होता. भोवतीच्या काठात वेली होत्या, कमानी होत्या, आणि कोपऱ्यात एक खार निवांत शेंग सोलत बसली होती. मी नोकरीत जन्मभर बोल्ट आणि फ्लँजच्या रेघा मारल्या. त्यात एक पान जरी काढले असते तरी मेमो हातात पडला असता. इथे कोणा अनाम माणसाने पगार घेऊन खार काढली होती! मला त्याचा हेवा वाटला. तेव्हापासून शिवाजीनगरच्या रद्दीवाल्यांकडून मी ही कार्डे आणते आहे. साडी काठ बघून घ्यावी तशी घेतली. नायक-नायिका कोण, मला आजही सांगता येत नाही.

५. देवव्रत भावोजींना मात्र सांगता येते. दर दिवाळीला ते कपाट उघडतात, 'वहिनी, ही कोण, ओळखा बघू?' म्हणून विचारतात, उत्तर स्वतःच देतात आणि चकलीचे बोट तिच्या गालावर ठेवतात. त्यांना दिवाणखान्यातल्या सोनेरी फ्रेमच्या सगळ्या तसबिरी द्याव्यात.

त्या तसबिरींची हकिकत अशी. माझ्या सत्तरीला प्रणीतने मला न सांगता कपाटातली उत्तमोत्तम कार्डे काढून फ्रेमवाल्याकडे नेली आणि 'चेहरे मोठे दिसू देत' असे सांगून आला. फ्रेमवाल्याने चारही बाजूंचे काठ छाटून टाकले. केक कापून झाल्यावर मला बायकांची तोंडे भेट मिळाली. काठ कुठे आहेत विचारले, तर प्रणीत म्हणाला, "अगं, ते एक्स्ट्रा होतं ना, आई." मी रडले. सगळ्यांना वाटले आनंदाने. यशश्रीने त्याचा व्हिडिओ काढला आणि तो पुण्यापर्यंत पोचला. पोराने प्रेमाने केले म्हणून मी आजवर तोंडातून शब्द काढला नाही. पण त्या भिंतीवरून जाताना रोज जीव तुटतो.

६. सबब, उरलेली सर्व कार्डे माझ्यासोबत जाळावीत. विद्युतदाहिनीवाले नाही म्हणाले तर आधी अंगणात जाळावीत. कोणाच्या तरी भिंतीच्या मापाने छाटली जाण्यापेक्षा हे बरे. ही जबाबदारी यशश्रीची, कारण सांगितलेले काम न विसरणारी या घरात ती एकटीच आहे.

७. शुक्रवारी इथवर लिहिले. आज रविवारी यशश्रीला बोलावून कागद वाचायला दिला, कारण काडी तिने लावायची आहे. पाचव्या कलमापाशी तिचा चेहरा पडला. "आई, एकदा तरी बोलायचंत ना! मी तो व्हिडिओ स्टेटसला ठेवला होता." मग तिने कपाटाची चावी मागितली.

मला वाटले, हळहळेल आणि जाईल. तिने एक कार्ड टेबलावर ठेवले आणि मी काही न सांगताच तिने मधला फोटो एका कोऱ्या कागदाने झाकला. हीरो-हिरॉइन गेली, काठ राहिला. बराच वेळ बघून म्हणाली, "आई, ही वेल सगळीकडे उजवीकडे वळते. मग इथेच अशी का?"

"जागा संपली असेल त्याची."

"आणि मग चूक झाकायला वर पोपट बसवला! कसला चीटर आहे हा!"

तो पोपट इतकी वर्षे मला निव्वळ शोभेचा वाटत होता. मी भिंग आणले. वेलीची तुटकी टोके खरोखरच शेपटीखाली दडवली होती. मग आम्ही दोघी एकेक कार्ड काढत, कोणी कुठे काय झाकले आहे ते शोधत बसलो. चहा निवला. प्रणीतचा फोन येत राहिला, तिने मोबाइल पालथा घातला. अखेर म्हणाली, "आई, तुम्हाला काय, जाळावंच लागेल. पण ह्या कार्डांना कशाला?"

लग्न होऊन आल्यापासून तिने मला असे उत्तर दिले नव्हते. मी इतकी हसले की भिंतीपलीकडून विमला अक्कांनी हाक मारली, "एनाय्तु, हेमक्का? काय झालं?"

८. कलम सहा रद्द. त्यावर मी स्वतः आडवी रेघ मारून सही केली आहे. सर्व कार्डे, कपाट आणि भिंग यशश्रीला. प्रणीतने बघायला हरकत नाही. कात्री मात्र त्याच्या हाताला लागू देऊ नये.

मृत्युपत्र माणूस गेल्यावरच अमलात येते, हे मला वकिलांनी समजावले आहे. ते बाकीच्या कलमांना लागू असो. मी मरायची वाट बघत एवढी कार्डे एकटीने बघत बसणार नाही. हे आठवे कलम येत्या रविवारपासून अमलात येईल. यशश्रीने जेवायलाच यावे.

सही: हेमलता मधुकर निजसुरे

आम्हा दोघांसमोर सही झाली:
१. डॉ. नीरजा हळबे
२. श्री. नंदू अण्णा चाफेकर (मजकूर वाचू दिला नाही, अशी त्यांची तक्रार आहे)

स्थळ: राजाजीनगर, बेंगळुरू
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५, रविवार