प्रोसेसर तापतो आहे

कडाव,
शनिवार, १२ सप्टेंबर १९८७

प्रिय,

नाव लिहायला हात अजून धजत नाही, म्हणून पुढची जागा नेहमीसारखी मोकळी सोडली आहे. गणपतीच्या दिवसांत लिहिलेलं तुमचं पत्र परवा मिळालं. चार पानं, त्यातलं दीड पान आकृतीचं. आईंना वाचून दाखवताना आकृतीपाशी थांबले, तर त्या म्हणाल्या, पुढं वाच की. पुढं वाचण्यासारखं फार नव्हतं. आईला जप, मैनाला अभ्यासाला बसव आणि कॉम्प्युटरचा रेग्युलेटर एकदा बदलून बघ. आईंनी पत्र हातात घेतलं, कागदावरून बोट फिरवलं आणि परत दिलं. गणपतीचं नाव त्यात कुठं नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं असावं.

घरचं सांगायचं तर भात पोटरीत आलं आहे. यंदा लावणीला माणसं मिळाली नाहीत, म्हणून मी आणि धोंडूबाईंनी एकमेकींच्या खाचरात राबून दोन्हीकडची लावणी उरकली. आईंच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन कर्जतच्या शिबिरात झालं. आता जाड भिंगाचा चष्मा आहे. डावा पाय मात्र तसाच ओढतात. न्हाणीपर्यंत त्यांना धरून न्यावं लागतं. म्हैस भाकड झाली आहे. शिवणाचं काम दिवाळीमुळं वाढलं आहे, पण दुपारी वीज जाते आणि अंधारात काळ्या कापडावर काळा दोरा दिसत नाही. हे सगळं मी तक्रार म्हणून लिहीत नाही. एवढंच सांगायचं आहे की मी दमले आहे. अडीच वर्षांत हा शब्द मी तुम्हाला लिहिला नव्हता. तुम्ही तिकडं उन्हातान्हात राबता, तुमच्यापुढं आपण काय दमायचं, असं वाटायचं.

खोपोलीचा कारखाना बंद पडला ते वर्ष मला सारखं आठवतं. माणसं घरी बसून खचली. तुम्ही खचला नाहीत. घरीच कॉम्प्युटर जुळवायचा म्हणून मुंबईला जाऊन लॅमिंग्टन रोडवरून बिस्किटाच्या डब्यात चिपा घेऊन आलात. मासिकातली आकृती भिंतीला लावून आठ महिने तुम्ही त्या टेबलाशी वाकलेले होतात. मी तिथंच शेजारी शिलाई मशीन चालवायची. सोल्डरचा धूर झाला की तुम्ही खिडकी उघडायला सांगायचात, आणि खिडकी उघडली की माझी कापडं उडायची. तेवढंच काय ते आपलं भांडण. मग एक दिवस आपल्या टीव्हीवर तुम्ही मैनाचं नाव उमटवलंत. अर्धी आळी बघायला आली होती. तीन-चार मिनिटांनी अक्षरं थरथरायला लागली आणि पडदा गोठला. तुम्ही त्या चाळीस पायांच्या चिपेवर बोट ठेवलंत आणि चटका बसल्यासारखं मागं घेतलंत. प्रोसेसर तापतोय, म्हणालात. आईंनी विचारलं, "डब्याला ताप आला का रं?" सगळे हसले, तुम्हीसुद्धा.

त्याच आठवड्यात मस्कतचा व्हिसा आला. कर्जतच्या एसटी स्टँडवर, बॅग टपावर चढवून झाल्यावर, तुम्ही मला म्हणालात, "हे यंत्र सरळ चाललं की मी परत येतो. कर्जतला वर्ग काढू. पुढं सगळीकडं हेच येणार आहे." मला त्यातलं काही कळत नव्हतं. फक्त परत येतो एवढं कळलं.

पहिल्या दीड वर्षात तुमची पत्रं पोस्टकार्डावर मावतील एवढीच असायची. मी ठीक आहे, तू ठीक असशील. मग कंपनी सोडत नाही म्हणून सुटी पुढं गेली, दुसऱ्यांदा पुढं गेली, आणि गेल्या डिसेंबरात तुम्ही लिहिलंत की मशीन अधूनमधून चालू करत जा, नाहीतर सुटे भाग खराब होतात. मी चालू केलं. सात मिनिटांनी गोठलं. तसं कळवलं, तर पंधरा दिवसांनी तुमचं पाच पानी पत्र आलं! कुठं बोट ठेवायचं, किती आकडे मोजायचे, मीटरची लाल तार कुठं, काळी कुठं. तुम्ही मला एवढं मोठं पत्र कधीच लिहिलं नव्हतं, लग्न ठरलं तेव्हासुद्धा नाही.

तेव्हापासून आपलं हेच चाललं. तुम्ही उपाय लिहायचा, मी करायचा, मैनाच्या जुन्या वहीत मिनिटं टिपायची आणि कळवायची. आधी टेबलफॅन समोर लावला. सात मिनिटांची नऊ झाली. मग तुम्ही म्हणालात, ॲल्युमिनियमचा पत्रा चिकटव. मोडक्या डब्याचं झाकण कापलं. त्याच्याखाली लावायला पांढरी पेस्ट कुठून आणू, म्हणून कर्जतच्या बाजारात टीव्ही दुरुस्त करणाऱ्या मालोजींकडं गेले. पहिल्या दिवशी ते मला बाकावर बसवून चहा पाजून परत पाठवायला निघाले होते. वयनी, ह्ये बायामानसांचं काम नाय, उगाच झटका बसंल, म्हणाले. मी म्हटलं, शॉर्ट कुठं आहे ते कळत नाही, पण शिलाई कुठं उसवली ते मला लांबून दिसतं. तुम्ही मीटर द्या. दिला बिचाऱ्यांनी. पुढं मी गेले की गिऱ्हाईक सोडून मला बोर्डावरच्या खुणा समजावून द्यायचे.

पत्र्यानं नऊची अकरा मिनिटं झाली. मीटर लावून बघितलं, तर पाच व्होल्ट हवे ते बरोबर पाचच निघाले. इथली वीज खालीवर होते म्हणून तुम्ही स्टॅबिलायझर लावायला सांगितलंत, तरी अकराच. तुम्ही लिहिलंत, प्रोसेसरच खराब असेल. मालोजींनी मुंबईहून नवा आणवला, मी बेसमध्ये बसवला, तोही तसाच तापला. त्या दिवशी मला रडू आलं. लावणी तोंडावर होती, आईंचं ऑपरेशन ठरायचं होतं, आणि मी एका चिपेवर बोट ठेवून एक ते दहा मोजत होते. धोंडूबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, नवरा मस्कतात नि बाय डब्याला पंखा घालतीया. त्या वाईट बोलत नाहीत, पण मला ते लागलं. तरी दुसऱ्या दिवशी मी परत बसलेच. तुमच्या पत्राला उत्तर द्यायचं होतं ना.

गणपतीत लोधिवलीचा कान्हा घरी आला. तुमच्याबरोबर एकाच खोलीत राहतो म्हणाला. मैनाचा फ्रॉक, आईंसाठी शाल, माझ्यासाठी अत्तर, तुम्ही दिलेलं सगळं त्यानं नीट पोचतं केलं. मोदक खाऊन गेला. तो साधा माणूस आहे, त्याला काही लपवायचं ठाऊक नाही. टेबलावरचा बोर्ड बघून त्याला नवल वाटलं. म्हणाला, त्यानं तर तिकडं तयार कॉम्प्युटर घेतलाय, वरीस झालं, चांगला चालतोय. मग मी सहज विचारल्यासारखं विचारलं की कंपनी माणसाला सोडत का नाही. तेव्हा म्हणाला, "कंपनी सोडती की वयनी. तोच सायबाकडं गेलता, अजून दोन वर्सं द्या म्हणून. सप्टेंबर अखेर नव्या कराराची सही हाय." आई आतून ऐकत होत्या. कान्हा गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं आणि नुसता माझा हात धरून बसल्या. संध्याकाळची आरती झाली तरी त्यांनी तो सोडला नव्हता.

त्यानंतर तुमचं परवाचं पत्र आलं. रेग्युलेटर बदलून बघ. मी ते चारदा वाचलं. वर्षभर चांगलं यंत्र समोर असताना तुम्ही मला या जुन्या बोर्डाच्या आकृत्या काढून पाठवता, ते कशासाठी, याचा विचार केला. बायकोला लिहायला दुसरं काही सुचत नाही म्हणून? की इथं काहीतरी दुरुस्त व्हायचं राहिलं आहे, तोवर यायला नको म्हणून? मला राग आला असता तर बरं झालं असतं. पण राग यायलाही अंगात जोर लागतो.

काल मैना पत्राच्या तळाशी तुमच्यासाठी तिची ओळ लिहायला बसली. तिसरीत गेल्यापासून अक्षर वळणदार झालं आहे. जीभ बाहेर काढून लिहीत होती. लिहून झाल्यावर तिनं मला पान दाखवलं. बाबा, कॉम्प्युटर अजून तापतो. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "बघ आई, मी विसरले नाही. खरं नाही लिहिलं."

ते पान मी फाडून टाकलं आणि आज हे लिहायला बसले आहे.

मशीन तापत नाही. नऊ जुलैपासून तापत नाही. त्या दिवशी मला ताप होता म्हणून मी शेतावर गेले नव्हते. मालोजी म्हणाले होते, एकेक चिप काढून बघा, कोणती काढल्यावर थंड राहतो ते. मी तसं केलं. कीबोर्डाजवळची वीस पायांची चिप काढली आणि प्रोसेसरवर बोट ठेवून शंभरपर्यंत मोजलं. गार होता. ती परत बसवली, तापला. मग मालोजींनी दिलेलं भिंग घेऊन बोर्ड उलटा केला. त्या चिपेच्या दोन पायांमध्ये सोल्डरचा एक तंतू राहिला होता, केसापेक्षा बारीक. त्यामुळं प्रोसेसर बोलायला लागला की तीही मध्येच त्याच तारांवर बोलायची, आणि दोघांच्या रेटारेटीत हा तापायचा. मालोजींनी नंतर मला हे असं समजावलं. मी शिवणाच्या सुईनं तो तंतू खरवडून काढला. यंत्र चालू केलं ते आईंना जेवायला वाढेपर्यंत चाललं, भांडी घासून होईपर्यंत चाललं. मैनानं त्यावर आपलं नाव लिहिलं, आजीचं लिहिलं, म्हशीचं लिहिलं. तो तंतू तुमच्या हातचा होता. टीव्हीवर मैनाचं नाव उमटवलंत त्या दिवशी, आळीतली माणसं जमायच्या आधी, घाईघाईत तुम्ही ती बाजू परत एकदा सोल्डर केली होती, मला आठवतं. त्यात तुमचा दोष नाही, घाईत कुणाच्याही हातून होतं.

त्या दुपारी मी तुम्हाला पत्र लिहायला घेतलं होतं. यंत्र सरळ चाललं, आता या. एवढंच लिहायचं होतं. लिहवेना. तुमच्या परत येण्याच्या आड तेवढं एकच कारण होतं, आणि ते आता संपलं होतं. यंत्र चालतं कळूनही तुम्ही आला नाहीत तर मी आईंना काय सांगणार होते, मैनाला काय सांगणार होते? प्रोसेसर तापत होता तोवर तुम्ही न येण्याला कारण होतं. ते कारण माझ्या हातानं मोडायला मला भीती वाटली. म्हणून मी लिहिलं, अकरा मिनिटं. ऑगस्टमध्ये परत तेच लिहिलं. मैनाला सांगितलं, बाबांना नको सांगू, गंमत करायची आहे. दोन महिने मी त्या पोरीच्या तोंडून खोटं वदवलं, आणि ती आता ते अभ्यासासारखं पाठ करायला लागली आहे. म्हणून हे पत्र. माझ्याकडून लपवण्यासारखं आता काही उरलेलं नाही. तुम्हीही लपवू नका. सही महिनाअखेर आहे, हे मला ठाऊक आहे. हे पत्र तोवर पोचेल. करायची असेल तर करा, मी अडवणार नाही, रडणारही नाही. पण उत्तरात आकृती काढू नका, प्रोसेसरचं नाव काढू नका. येणार की नाही, एवढं एका ओळीत लिहा. नाही असेल तर नाही लिहा. आईंना मी सांगेन, मैनाला सांगेन, कसं ते माझं मी बघेन. नाही म्हटलेलं मला सोसेल. उद्या येतील, पुढच्या सणाला येतील, असं आता नाही सोसत.

तुमचीच, अजून तरी,
जया