कांद्यावरचं हूड

आप्पा, हे लिहायचं मी पाडव्यापासून टाळतेय. म्हणजे कागद घेतला, पेन घेतलं, मग चहा ठेवला, मग चहाबरोबर खारी हवी म्हणून फाट्यावर गेले आणि तिथून तिसरीकडेच कुठेतरी. तुम्हाला माझं हे माहीतच आहे. दोरा आणायला पाठवलेली पोरगी डांगे चौकात फुगेवाल्याच्या मागे सापडायची. आज मात्र सुट्टी आहे, खोलीत कुणी नाही, आणि तुम्हाला सांगितल्याशिवाय निघायचं नाही असं मीच मला बजावलंय. तर सांगते. मी गाडी घेतली. जुनी जीप. आधी किती जणांनी वापरली ते विकणाऱ्यालाही नीट सांगता आलं नाही, पण स्वस्तात मिळाली आणि कागद अजून एक-दोन उन्हाळे चालतील. फक्त तिच्यावर हूड नाही. तुम्ही जन्मभर लोकांच्या रिक्षांना, टेम्पोंना, जीपना छपरं शिवून घातलीत, आणि तुमच्या लेकीनं बिनछपराची गाडी आणली. हसा आता.

मी सध्या चाकणकडे असते. एका खोलीत तिघी. कंपनीत गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधायचे, लाल वायर लाल खोबणीत, निळी निळ्यात. कंत्राट संपलं की ब्रेक, ब्रेक संपला की दुसरी कंपनी. मधे गोव्यात एका हॉटेलात भाज्या चिरल्या, मधे एका कॅन्टीनचा जेवणाचा टेम्पो चालवला, मधे काहीच केलं नाही. बारावी राहिली ती राहिलीच. दादा म्हणतो, हिच्या पायाला भिंगरी आहे. भिंगरी बरी, तिला निदान फिरवणारा कुणीतरी असतो. असो. गाडीचं सांगत होते.

जीप एका शेतकऱ्याच्या गोठ्यापुढे उभी होती. तो दिवसा कंपनीत, संध्याकाळी शेतात. आजूबाजूला सगळा उन्हाळी कांद्याचा वास. मी गाडीभोवती फिरले, तसा तो म्हणाला, "ताई, चालवता येती का तुमास्नी?"

"टेम्पो चालवलाय."

"मंग ही तर बकरीवाणी हाय. हाकली की जाती."

"हूड कुठंय हिचं?"

"हाय की. कांद्यावर हाय."

मला वाटलं थट्टा करतोय. पण खरंच, गोठ्यामागे कांद्याची अरण रचलेली होती, आणि त्या लांबलचक ढिगाच्या एका टोकावर जीपचं हूड पसरून कडेनं दगड ठेवले होते. "अवकाळीचा काय भरवसा हाय का? भाव चढला की कांदा काढतो, मंग न्या हूड."

"भाव कधी चढणार?"

"ते मला ठावं असतं ताई, तर जीप इकली असती व्हय?"

मी तशीच गाडी घेतली. निघताना त्याच्या आईनं चाकाखाली लिंबू ठेवलं, बॉनेटला हळदकुंकू लावलं आणि गाडीवरून हात फिरवला. मला म्हणाली, "नीट ऱ्हावा दोघी." आम्ही दोघी म्हणजे मी आणि जीप.

नवी गाडी आधी देवाला न्यायची म्हणून देहूला गेले. डावी सीट रिकामी होती, तिच्यावर पिशवी ठेवली आणि पिशवी उडू नये म्हणून तिला ओढणीनं बांधलं. मंदिरापाशी नारळ फोडला. पाणी चाकांवर घातलं, अर्धी वाटी देवापुढे ठेवली, आणि उरलेलं खोबरं हातात घेऊन उभी राहिले. नारळ फोडला की वाटायचा असतो ना. आपल्या दुकानात कुणाच्या रिक्षेवर नवं हूड चढलं की तुम्ही खोबऱ्याचे तुकडे करायचात आणि सगळा चौक हात पुढे करायचा. मी पार्किंगच्या काकांना एक तुकडा दिला. त्यांनी विचारलं, "कुणाची गाडी?" माझी म्हटलं. "बरोबर कोण आहे?" मी म्हटलं, येतायत मागून. मग खाली इंद्रायणीच्या कडेला बसून उरलेला नारळ एकटीनंच खाल्ला. सगळा खाल्ला, टाकवेना.

मला जायचंय समुद्रावर. तुम्हाला आठवत असेल का माहीत नाही, पण मला तो दिवस पक्का आठवतोय. एक माणूस जीप घेऊन आला, त्याला पट्ट्यांनी काढता-घालता येईल असं हूड हवं होतं. उन्हाळ्यात उघडी गाडी घेऊन समुद्राच्या कडेनं हिंडायचंय म्हणाला. तुम्ही म्हणालात, "काढायचंच तर शिवायचं कशाला?" पण शिवलंत. मग नेहमीप्रमाणे पाणी मारायची तयारी झाली. नवं हूड गिऱ्हाइकाला देण्याआधी ते गळतंय का बघायची तुमची ती पद्धत मी किती जणांना सांगते, कुणाला खरं वाटत नाही. तुम्ही आत बसणार, मी तुमच्या मांडीवर, आणि माय स्टुलावर उभी राहून वरून बादली ओतणार. डोक्यावर पाण्याचा दणदण आवाज, आत रेक्झिनचा आणि ते चिकटवायच्या सोल्युशनचा वास. माय वरून विचारायची, "आलं का?" तुम्ही म्हणायचात, "न्हाई." "आता?" "न्हाई." मग ती शेवटचा तांब्या बाजूनं तुमच्या मानेवर रिकामा करायची. "आता आलं का बघा." मला तेव्हा आत बसवायचं नाही, बाहेर पळून भिजायचं असायचं. एकदा अशी पळाले तर तुम्ही रागावलात. मारलं नाही, नुसतं म्हणालात, "छपराखाली बसायला पण शिकावं लागतं, बाई." त्याचा मला फार राग आला होता. अजून थोडा आहे.

तर त्या दिवशी तो माणूस म्हणाला, आधी उघड्या गाडीतून चक्कर तर मारू, पाणी मग मारा. तुम्ही पुढे बसलात, मी मधे उभी. पवनेच्या पुलापर्यंत गेलो. तुम्ही एका हातानं टोपी धरून ठेवली होती आणि दुसऱ्या हातानं मला. पुलावर तुम्ही त्याला विचारलंत, "समुद्रापर्यंत जाईल का हो ही?" तो म्हणाला, "पेट्रोल असेल तोवर कुठंही जाईल." परत येईस्तोवर तुम्ही हसत होतात, काही कारण नसताना. पुढे दर उन्हाळ्यात म्हणायचात, एकदा जाऊ. मी नववीत असताना तुम्हीच गेलात. मशीन विकलं, गाळा सोडला, दादाला राजगुरुनगरला काम लागलं, माय त्याच्याकडे गेली.

बरोबर यायला खोलीतल्या दोघी तयार होत्या. एकीनं टोपीसुद्धा घेतली. मग तिला ओव्हरटाइम लागला. दुसरीचं लग्न ठरलं, ती म्हणाली, आता असं उघड्या गाडीतून फिरताना कुणी बघितलं तर? खरंय तिचंही. मी म्हटलं, ठीक आहे, आपण एकट्याही जातो की सगळीकडे. पण आप्पा, भाजी चिरायला एकटं जाणं वेगळं. समुद्र बघितल्यावर शेजारी वळून 'बघ' म्हणायला कुणी नसणं वेगळं.

मग परवा मी उगाच त्या अरणीपाशी गेले. हूड उचलून बघितलं. कमानीचा पाइप घासून रेक्झिन फाटू नये म्हणून आत कापडाची घडी शिवतात ना, तुम्ही मायची जुनी लुगडी फाडून घालायचात, ती घडी बघायची होती. होती तिथे. पिवळं कापड, बारीक फुलांचं. मी शेतकऱ्याला विचारून एक कोपरा ब्लेडनं उसवला, तुकडा घेतला आणि तडक राजगुरुनगर गाठलं.

माय गव्हातले खडे काढत होती. तुकडा बघून म्हणाली, "हे काय घेऊन आलीस?"

"हूड आप्पांनी शिवलेलं असेल. तुझं लुगडं आहे का बघ."

"म्या पिवळं कवा नेसले?" तिनं तुकडा उलटा करून बघितला. "न्हाई. कुणाचं तरी असंल बिचारीचं."

"बरं. चल ना माझ्याबरोबर."

"कुठं?"

"समुद्रावर."

"काय हाय तिथं?"

"समुद्र आहे."

"मंग असू दे की तिथंच. डोक्यावर छप्पर न्हाई अन् निघालीस उन्हात. मला काय येड लागलंय?"

मी म्हटलं, आप्पांना जायचं होतं. पुलावर कसे हसत होते, तुला आठवतं का? तिनं ताटातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, "मला कसं आठवंल? तवा तुमी दोघं बापलेक गेलात. म्या दुकानात बादली घेऊन हुबी. पानी मारायचं ऱ्हायलंय म्हनून."

आप्पा, मी तो दिवस शेकडो वेळा आठवलाय. पूल, टोपी, तुमचं हसणं, सगळं. आपल्यामागे दुकानात कुणी उभं राहिलं होतं हे एकदाही आठवलं नव्हतं. तुम्हाला आठवायचं का? दर उन्हाळ्यात 'एकदा जाऊ' म्हणायचात तेव्हा त्यात ती होती का? मला विचारायचं होतं, ते हेच. तिला मी एवढंच म्हटलं, परवा सकाळी निघणार आहे. ती म्हणाली, "पानी भरून घे संगं," आणि ताट घेऊन आत गेली. मी निघून आले. तो पिवळा तुकडा तिच्याकडेच राहिला.

तर आज ती सकाळ. टाकी भरलीय, पाणी भरलंय. हूड कांद्यावरच आहे, भाव काही चढला नाही. उन्हाचा चटका बसायच्या आत निघायला हवं आणि मी इथे पायरीवर बसून लिहीत बसलेय. हा कागद कुठे पाठवायचा नाहीच, सीटखाली सरकवून देईन, निदान तेवढा तरी समुद्रापर्यंत येईल. एक मात्र सांगून ठेवते, तिला सांगणार नाहीये. ते कापड तिचं नाही हे मला उसवतानाच कळलं होतं. तिच्याकडे रिकाम्या हातानं जाववत नव्हतं, म्हणून नेलं.

फाट्यावर शेअर रिक्षा थांबलीय. कुणी तरी उतरून इकडेच येतंय, काखेत पिशवी, पायात दादाच्या मोठ्या चपला. मायच आहे, आप्पा. ती कधी शेजारच्या गावालाही एकटी गेली नाही. तिनं मला बघितलंय. गाडीभोवती एक चक्कर मारली, डाव्या सीटवरची माझी पिशवी उचलून मागे टाकली, आणि आता पदर डोक्यावरून घट्ट ओढून, दोन्ही हातांनी पुढची दांडी धरून समोर बघत बसलीय, गाडी अजून उभीच आहे तरी.