झुडूप हलत नव्हतं

ती. ताईस शिरसाष्टांग नमस्कार (मनातूनच, पाठ अजून वाकत नाही).

तुझं पत्र पोचलं. भावजींचा गुडघा त्यांना आता जिना चढू देत असेल अशी आशा आहे. धाकटीच्या परीक्षेचं कळव. माझी तब्येत उत्तम. गेल्या वर्षीचं ते छातीचं प्रकरण मला आठवतही नाही, तेव्हा दर पत्रात विचारू नकोस. बाबाही ठणठणीत आहेत. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचताना तुला तसं वाटणार नाही.

तू लिहिलंस, "बाबांना कळू देऊ नकोस, पण त्यांना एकटं सोडू नकोस." सोडलं नाही. रविवारी उजाडायच्या आत आम्ही तळ्यावर होतो. बाबांना लागलेला पक्ष्यांच्या फोटोंचा नाद म्हणजे काय, ते तुला पाहिल्याशिवाय कळणार नाही. ट्रकच्या टायरची फुगवलेली ट्यूब, तिच्यावर फळी, फळीवर कॅमेरा आणि या सगळ्यावर गवत खोचलेली जाळी. छातीपर्यंतची रबरी विजार चढवून माणसानं जाळीखाली शिरायचं आणि कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं. पक्ष्याला वाटतं झुडूप आहे. (मुलालाही वाटतं. तिकडे येतोच.) वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. हवी आहे टिबुकली, म्हणजे पाण्यातलं एक मुठीएवढं पाखरू, जे पिल्लांना पाठीवर घेऊन पोहतं. तीन आठवडे ती त्यांना घेऊन दुसरीकडेच पोहते आहे.

मला काठावर घडीची खुर्ची मिळाली आणि हुकूम: बोलायचं नाही, हात हलवायचे नाहीत, खोकला आला तर गिळायचा. तुला दुकानातलं टेबल आठवत असेल. बाबा डोळ्याला भिंग लावून घड्याळ उघडायचे आणि आपण दोघं श्वास धरून बसायचो, कारण एकदा तू शिंकलीस आणि कुणाच्या तरी घड्याळाची स्प्रिंग कायमची गेली (शिंक माझी होती, आज कबूल करतो). तेव्हापासून त्यांनी गप्प म्हटलं की माझा आवाज आपोआप बंद होतो.

बाबा पाण्यात उतरले. मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. वर पाहिलं तर पाण्यात सात झुडपं होती. आधी किती होती ते मोजलं नव्हतं. बाबा त्यांतले कुठले, हे विचारायची सोय नव्हती. मग त्यातल्या त्यात बाबांसारखं, भिंग लावल्यासारखं डावीकडे कललेलं एक निवडलं आणि त्याच्यावर नजर ठेवली.

ते हललं नाही. पंधरा मिनिटं मला कौतुक वाटलं. अर्ध्या तासानं कौतुक संपलं. मग एक पाणकावळा येऊन त्या झुडपाच्या माथ्यावर बसला आणि पंख पसरून वाळवू लागला. बाबांच्या डोक्यावर बसायची आजवर कुणाची हिंमत झालेली नाही (आई धरून). शुद्धीवर असते तर त्यांनी हे चालवून घेतलं असतं का? ताई, मी कुठल्या खिडकीवर काम करतो ते तुला माहीत आहे. एकोणीस वर्षं लोकांचे मृत्यू नोंदवतो आहे. फॉर्म मला पाठ आहे आणि तो मनात आपोआप भरला जाऊ लागला. नाव. वय. व्यवसाय: घड्याळदुरुस्ती, निवृत्त. ठिकाण: तळं. वेळेच्या रकान्याशी अडलो, कारण मी समोर बसून होतो आणि मला वेळ माहीत नव्हती. पुढे, खबर देणाऱ्याचं मयताशी नातं. तिथे मनातलं पेनही चालेना. हाक मारावी तर पक्षी उडतील, आणि बाबा जिवंत असले तर मला जिवंत ठेवणार नाहीत. न मारावी तर काय, ते लिहीत नाही. असा दीड तास बसलो. पापणीसुद्धा लवली नसेल.

शेवटी उठलो आणि बुटांसकट पाण्यात शिरलो. मला पोहता येत नाही. डावा बूट चौथ्या पावलाला चिखलानं ठेवून घेतला, उजवा सातव्या. पोटरीवरून काहीतरी गेलं (मासा म्हणू या). पाणी छातीला लागलं. मी उशिरा कामावर आल्यासारखं पाणकावळ्यानं माझ्याकडे आमच्या साहेबांच्या नजरेनं पाहिलं आणि तो उडाला. मी झुडपात दोन्ही हात घातले. आत गवत होतं, गवताखाली पाणी होतं, आणि कुणी नव्हतं. तेव्हा मी हाक मारली. तळ्यावरचे सगळे पक्षी एकदम उठले.

"हललास एकदाचा!" उजवीकडचं, अगदी सरळ उभं असलेलं झुडूप म्हणालं. "गाढवा, तसाच थांब. आलो."

माझे पाय चिखलातून निघेनात. बाबांनी कॅमेरा गळ्यात अडकवला, जाळी भिरकावली, मला फळीवर पालथं घातलं आणि एका हातात कॉलर, एका हातात ट्यूब धरून ढकलत काठाकडे निघाले. तोंड चालूच होतं. तेवढ्यात दहा हातांवरून ती टिबुकली गेली. पाठीवर दोन पिल्लं. बाबांनी पाहिलं. त्यांचे दोन्ही हात अडकले होते. "ती बघ," एवढंच म्हणाले आणि ढकलत राहिले.

मी पुन्हा तिथे पाऊल टाकणार नाही. बाबांना हा नाद सोडायला तूच सांग.

तुझा अनवाणी भाऊ

ता. क. संध्याकाळी बाबांनी काढलेले फोटो पाहिले. चौसष्ट. पक्षी एकही नाही. सगळ्यांत मी, खुर्चीवर. शेवटच्या विसांत नुसती माझ्या शर्टाची दुसरी गुंडी. हे काय म्हणून विचारलं. म्हणाले, "वर-खाली होते का बघत होतो." मग हाक का नाही मारली? "आणि दचकला असतास म्हणजे?"

आणखी एक ता. क. त्यांचं जाकीट वाळत घालताना आतल्या खिशात माझ्या जिभेखाली ठेवायच्या गोळ्या निघाल्या, प्लॅस्टिकमध्ये नीट गुंडाळलेल्या. शेजारी तुझं पत्र. शाई पसरली आहे, पण एक ओळ वाचता येते: "त्याला कळू देऊ नका, पण त्याला एकटं सोडू नका." तारीख तू मला लिहिलेल्या पत्राचीच. मी ते जिथल्या तिथे ठेवलं. येत्या रविवारी तू ये. भावजींचे जुने बूट आण. आम्ही दोघं पाण्यात असू, आणि काठावर कुणीतरी हलणारं हवं आहे.