डाव्या सीटवरून

भालकी
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

चि. शैलश्रीस,
शरणु शरणार्थी, आणि अप्पाचे आशीर्वाद.

माझं अक्षर बघून दचकू नकोस. मी शुद्धीवर आहे, हातपाय जागेवर आहेत. नागपंचमीपासून आपण बोललो नाही. तुझा फोन आला की मी "अव्वाला देतो" म्हणतो आणि तू "बरं" म्हणतेस, एवढंच आपलं सहा महिन्यांचं बोलणं. फोनवर तोंड उघडलं की माझा आवाज आपोआप चढतो, म्हणून कागद घेतला. कागदावर ओरडता येत नाही.

इकडं सगळं ठीक आहे. तुरीची आवक जोरात आहे, आडतीच्या दुकानात पोत्यांमुळं चालायला वाट उरलेली नाही. अव्वाचे गुडघे दुखतात, तिच्या मते माझ्याशी लग्न केल्यामुळं. आळंदच्या गुरुबाई मावशीनं तुझ्यासाठी कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी पाठवलीय. टोपली या पत्राबरोबर बसनं येईल. दोन्ही एकदमच उघड. का ते पुढं कळेल.

मुख्य बातमी अशी की आपण गाडी घेतली.

जुनी पांढरी गेली. अव्वानं तुला "थोडी घासली" म्हणून सांगितलंय ते मला माहीत आहे, कारण तसं सांगायला मीच लावलं होतं. डिसेंबरात आळंदहून येताना, हुलसूरच्या अलीकडं, उसाच्या ट्रॉलीशी धडक झाली. विम्याचा माणूस आला, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, डावीकडं वाकून आत बघितलं आणि म्हणाला, "टोटल लॉस." म्हणजे दुरुस्त करण्यापेक्षा टाकून दिलेली बरी. अकरा वर्षांची गाडी त्यानं दोन शब्दांत संपवली आणि चहा मागितला. आम्हाला फारसं लागलं नाही. अव्वाच्या कपाळाला टेंगूळ आणि माझ्या छातीवर पट्ट्याचा काळानिळा वळ, बस. दोन्ही आता गेलं.

मग नवीन गाडी कोणती, यावर सगळ्या भालकीनं डोकं चालवलं. शेजारचा धनराज तुला माहीतच आहे, स्वतःची मोटारसायकल ढकलत नेतो आणि दुसऱ्याला गाडी सुचवतो. त्याचं म्हणणं, आडत्याची गाडी उंच पाहिजे, बाजारात शिरली की लोकांनी बाजूला झालं पाहिजे. मलाही तेच पटलं होतं. काळी, उंच, पुढचं तोंड रेड्यासारखं, अशी एक गाडी मी मनात ठरवून टाकली होती. बीदरला गेलो तेव्हा सेल्समननं माझ्या मनातलं ओळखून तीच आधी दाखवली. अव्वानं एक पाय वर ठेवून बघितला, काढून घेतला आणि म्हणाली, यात चढायला शिडी कुठं मिळते ते विचारा.

तिला मायलेजशी देणंघेणं नव्हतं. रंगाशीही नाही. ती एकेका गाडीत बसायची, पदर दारात अडकतो का बघायची, मागच्या सीटवर टोपली मावेल का ते वितीनं मोजायची. मग एका लहान गाडीपाशी थांबून तिनं विचारलं, सीट वरखाली होते का? सेल्समन म्हणाला, फक्त ड्रायव्हरची होते, मावशी. ती म्हणाली, तीच दाखवा.

आता इथं थांबून मागचं सांगावं लागेल. मी टाळत होतो, तुझ्या लक्षात आलंच असेल.

पंचमीला काय झालं होतं ते तुला आठवतं, मलाही आठवतं. जेवताना चटणी वाढली नाही म्हणून मी ओरडलो. चटणी पानात डावीकडं वाढलेली होती. तू सगळ्यांसमोर, धनराजसमोर म्हणालीस, "अप्पा, तुम्हाला डावीकडचं दिसायलं न्हाई. गाडी चालवू नका." आणि खुंटीवरची किल्ली काढून घेतलीस. मी किल्ली हिसकली. या घरात मला शिकवायला पुन्हा येऊ नकोस, असं म्हणालो. तू दुसऱ्या दिवशी झोका न खेळताच नाशिकला गेलीस. मी दुकानात बसून होतो. तुझी बस दुकानावरून गेली तेव्हा मान खाली घालून पावत्या चाळत बसलो.

तुझं चूक आहे हे दाखवायला मी त्याच आठवड्यात चष्म्याच्या दुकानात गेलो आणि तक्त्यातली शेवटची, मुंगीएवढी ओळ धडाधड वाचली. ते सगळ्यांना सांगितलं. सांगितलं नाही ते हे की गाडीचा डावा आरसा मी दोन वर्षांत तीनदा बदलला होता. एकदा फाटकाला, एकदा बैलगाडीला, एकदा कशाला लागला ते मलाच माहीत नाही. दर वेळी अव्वाला कळायच्या आत नवीन बसवून आणायचो. आणि किल्ली हातात घेतली की तळव्यांना घाम यायचा. शैला, मला भीती वाटायची. दोन वर्षं वाटत होती. पण आजवर या घरात गाडी मीच चालवत आलो, ती मी चालवणार नाही तर मी कोण, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं.

तर डिसेंबरातला तो दिवस. संध्याकाळचे पाच वाजले होते. गावभर मी अंधार होता म्हणून सांगितलं. अंधार नव्हता. ऊन होतं.

मावशीनं तुझ्यासाठी भाकऱ्या केल्या होत्या, शंभरावर असतील. कडक भाकरी कशी असते तुला माहीत आहे, गचका बसला की तुकडे. मागच्या सीटवर उडेल म्हणून मी टोपली पुढं ठेवली, माझ्या डाव्या हाताला, आणि वरून पट्टा लावला. अव्वाला म्हटलं, तू मागं बस. तिला राग आला. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा मला उठवून भाकरीला बसवलंत, म्हणाली. बसवकल्याण जाईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. माझ्या मागं, उजवीकडच्या खिडकीशी बसून बाहेर बघत होती.

ट्रॉली डावीकडच्या शेतवाटेनं रस्त्यावर आली. धडक डाव्या दारावर बसली. ते दार आत येऊन गिअरपर्यंत पोचलं होतं. टोपली चपटी झाली आणि गाडीभर भाकरीचा चुरा उडाला, माझ्या मिशीत, अव्वाच्या केसांत. आम्ही दोघं पांढरे होऊन रस्त्याच्या कडेला बसलो होतो. अव्वा एकदा त्या सीटकडं बघत होती आणि एकदा माझ्याकडं. तुझ्या भाकऱ्या नसत्या तर ती त्या सीटवर असती. तुला हे फोनवर सांगणं मला जमलं नसतं.

एवढं होऊनही मी सुधारलो नाही. ट्रॅक्टरवर काल शिकलेला पोरगा होता, हॉर्न वाजवला नाही, बघितलं नाही, असं मी आठ दिवस सांगत फिरलो. विम्याच्या कागदावरही ट्रॉली अचानक आली असं लिहून दिलं. मग एका सकाळी तो ट्रॅक्टरवाला आमच्या दारात आला. भीमराज नाव, माझ्याच वयाचा असेल. हातात गुळाची ढेप. तब्येत विचारायला आला होता. त्यानंच आम्हाला त्या दिवशी दवाखान्यात नेलं होतं, हेही मी कुणाला सांगितलं नव्हतं.

चहा घेतला. जाताना पायरीवर थांबून म्हणाला, "अप्पा, रागावू नका. म्या हारन वाजवायलो व्हतो. ब्रेक बी मारला व्हता म्या, पर भरली ट्रॉली लगेच थांबंना. तुमी सरळ येत राहिलाव, मान एकदाबी वळली न्हाई तुमची. मला वाटलं, ह्या माणसाला मी दिसायलोच न्हाई."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. त्याला खरंच माझी काळजी वाटली होती. तो गेल्यावर मी अव्वाला म्हटलं, लातूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडं जाऊ.

तिथं एका मशीनमध्ये तोंड घालून बसवलं. बारीक दिवा लागला की बटण दाबायचं. मी दाबत होतो. मध्येच दिवे थांबले. मी बराच वेळ वाट बघितली आणि विचारलं, लाइट गेली का? ती मुलगी म्हणाली, नाही काका, दिवे लागतायत.

काचबिंदू आहे. डाव्या डोळ्याच्या कडेचं बरंच गेलंय, उजव्याचंही थोडं. समोरचं शाबूत आहे म्हणून मी तक्ता वाचायचो आणि हे पत्रही लिहितोय. गेलेलं परत येत नाही. आहे ते टिकवायला रोज थेंब घालायचे, ते अव्वा घालते. गाडी बंद. डॉक्टरांनी "बंद" म्हटलं तेव्हा मला काय वाटलं सांगू? सुटलो, असं वाटलं. अंगावरचं पोतं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं. लातूरहून उदगीरपर्यंत बसमध्ये मी गाढ झोपलो.

दुसऱ्या दिवशी विम्याच्या माणसाकडं जाऊन खरं काय ते लिहून दिलं. धनराजलाही सांगितलं, म्हणजे गावाला सांगितलं. भीमराजच्या घरी तुरीची डाळ घेऊन गेलो आणि त्याच्या बायकोसमोर म्हणालो, चूक माझी होती. तो लाजला बिचारा.

मग मी अव्वाला म्हटलं, आता गाडी घ्यायची नाही. चालवणार कोण? तिनं देवळीतला डबा काढला आणि लायसन्स माझ्यापुढं ठेवलं. तिच्या नावाचं. मल्लम्मा विरुपाक्ष, डोक्यावर पदर घेतलेला फोटो.

तू गेल्यावर पंधराव्या दिवशी तिनं ड्रायव्हिंग क्लास लावला होता. मला सांगायची, बसव मंटपात बसवण्णांची वचनं म्हणायला जाते. मी म्हणायचो, जा, चांगलं आहे. अठ्ठावन्नाव्या वर्षी बाई मैदानात आठचे आकडे काढत होती. मी विचारलं, एवढ्या गावात मला एकानंही कसं सांगितलं नाही? ती म्हणाली, "सगळ्यास्नी वाटलं तुमाला ठाव हाय. दुकानासमोरनंच गाडी नेत व्हते की रोज. एकदा हात बी केला मी तुमाला."

कोणत्या बाजूनं, मी विचारलं. डावीकडून, ती म्हणाली. मग ती हसायला लागली आणि मीही हसलो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. थेंब वाया गेले म्हणून परत घालावे लागले.

तर अशी गाडी निवडली. लहान, बुटकी, गिअर नसलेली, शेंदरी रंगाची. रंग अव्वाचा हट्ट. म्हणाली, डावीकडून आली तरी दिसंल कुणालाबी. गेल्या गुरुवारी ताब्यात घेतली. सेल्समननं हार घातला, माझ्यासाठी ड्रायव्हरचं दार उघडून उभा राहिला. मी त्याच्यासमोरून वळसा घालून पलीकडं गेलो आणि डाव्या सीटवर बसलो. त्याला काय करावं कळेना. अव्वानं पदर खोचला, सीट वर घेतली, आरसा स्वतःकडं वळवला. बीदर ते भालकी चाळीसच्या पुढं काटा जाऊ दिला नाही. आमच्या मागं बस वाजवून वाजवून दमली. मी दोनदा "ब्रेक" म्हणालो, तिसऱ्यांदा ती म्हणाली, वचनं म्हणा.

ती सीट कशी असते हे मला ठाऊकच नव्हतं. तिथं बसून तेहतीस वर्षं तिनं किती गोष्टी गप्प बसून बघितल्या असतील, हे कळलं.

मावशीनं परत भाकऱ्या केल्या. काल आळंदला जाऊन टोपली आणली. मागच्या सीटवर ठेवली, पट्टा लावून. दहा-बारा मोडल्या असतील. मोडू देत.

शैला, तू बरोबर होतीस. हे वाक्य पहिल्या ओळीत लिहायचं होतं, शेवटपर्यंत ढकलत आणलं. पंचमीला जे बोललो ते मी परत घेतो. हे घर तुझं आहे, ये आणि शिकव. शिवरात्रीला सुट्टी काढ. उदगीरला उतर, पुढं भालकीची बस धरू नकोस. स्टँडबाहेर शेंदरी गाडी उभी असेल, आत अव्वा असेल आणि तिच्या शेजारी मी.

एक लक्षात ठेव. तू डावीकडून आलीस तर मी वळून बघणार नाही. राग धरला असं समजू नकोस. जवळ ये आणि हाक मार.

तुझ्या हाकेकडं कान लावून बसलेला,
अप्पा