एकतीस सालच्या फोर्डचं छप्पर

टुलेरी, कॅलिफोर्निया
ऑगस्ट १९५२

तीर्थस्वरूप आर्डिथ मावशीस,

लेस्टरचा टोपी काढून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? डावा अजून हवामान सांगतो का, की त्यानेही आता रेडिओवर सोपवलं? तू पाठवलेला जर्दाळूचा मुरंबा पोचला. लोरीन बरण्या लपवते आणि मी शोधतो, त्यामुळे संध्याकाळी आम्हा नवराबायकोंना काही उद्योग राहिला आहे. माझी तब्येत उत्तम आहे, फक्त मान जरा उजवीकडे कलली आहे. त्याचं कारण पुढे येईलच.

गाडीला हात लावलास की नाही, असं तू विचारलंस. लावला. तुझी अट मला तोंडपाठ आहे. तुझ्या खुराड्यातून हार्लनकाकांची फोर्ड ओढून आणली तेव्हा तू ओसरीवरून बजावलं होतंस, “सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, कामगार दिनाच्या मिरवणुकीत ही गाडी स्वतःच्या बळावर माझ्या ओसरीसमोरून गेली तर तुझी, नाहीतर व्हर्ननची.” (काकांचा भाचा म्हणून त्याचा हक्क आहे, हे मी नाकारत नाही. पण तो तिला कारखान्यातल्यासारखा चॉकलेटी रंग देईल, भोवती दोरी बांधेल आणि ‘हात लावू नये’ अशी पाटी ठोकेल. ज्या गाडीला हात लावायचा नाही तिला मी कपाट म्हणतो.) मी रस्त्याच्या कडेला पंक्चर काढत वर आलेला माणूस. आज माझं गॅरेज आहे, दोन पेट्रोल पंप आहेत, गावातल्या निम्म्या गाड्या माझ्या हातून जातात. पण स्वतः उभी केलेली एकही नाही. ही मला हवी आहे, मावशी. इतकी, की मी लोरीनच्या आईलाही जेवायला बोलावलं आणि तिच्याशी गाडीवर बोललो.

तर पहिली अडचण अशी की गाडीबरोबर तुझी तांबडी कोंबडीही आली. ती सीटवर अंडी उबवायला बसली होती आणि उठायला तयार नव्हती. मी हाकलणार, तर लोरीन मधे उभी राहिली. म्हणाली, पिल्लं बाहेर येईपर्यंत हिला कुणी हलवायचं नाही. मग मी बोल्ट काढून कोंबडीसकट अख्खी सीट उचलली आणि मागच्या अंगणात ठेवली. ही गोष्ट ध्यानात ठेव, मावशी. मी नाही ठेवली, तिथेच घात झाला.

मडगार्डं काढली, बॉनेट काढलं. जुनं चार सिलिंडरचं इंजिन काढलं, कारण त्यातून धुरापेक्षा पिसं जास्त निघत होती. आता जुन्या गाड्या कापून वेगवान करणाऱ्या आम्हा लोकांत दुकानातून नवा कोरा भाग आणणं हे लग्नात भाड्याचे पाहुणे आणण्यासारखं समजतात. सगळं भंगारातून यायला हवं. तसं मला आठ सिलिंडरचं इंजिन मिळालं, अगदी नव्यासारखं, शेजारगावच्या जुन्या शववाहिकेचं. तिने जन्मात कधी घाई केली नव्हती. (सांगावं की नाही कळत नाही, पण सांगतोच: काकांना नेलं ती हीच.) तिचा म्हातारा चालक भंगारवाल्याकडे बसला होता. त्याने मला शपथेवर सांगितलं, की एकदाच जोरात हाणली, ती हार्लनच्या वेळी. “हा माणूस जन्मभर कुठे वेळेवर पोचला नाही. म्हटलं, इथे तरी पोचवू या.” हे ऐकल्यावर मी भाव केला नाही.

मग छप्पर. खांब कापून छप्पर खाली आणल्याशिवाय जुन्या फोर्डला उभं राहायची ऐट येत नाही. त्यासाठी मी मनुएलला बोलावलं. तोच पोर्तुगीज गवळी, जो आपल्या गोठ्याचे लोखंडी कठडे स्वतः वेल्डिंगने जोडतो आणि त्यांना गायीने लाथ मारली तर गायच लंगडते. मनुएलचा नियम आहे की मालक आत बसल्याशिवाय करवत लावायची नाही. मी आत बसलो, टोपी घालून, ऐटीत. डोक्यावर एवढी जागा, की दुसरी टोपी मावली असती. मनुएल म्हणाला, अजून दोन इंच जाऊ दे. मी म्हटलं, जाऊ दे. पन्नाशीला आलेले दोन पुरुष, दोघांनाही अक्कलदाढा आलेल्या. पण मी सीटवर नव्हे, उघड्या तळावर बसलोय, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. सीट अंगणात होती. तिच्यावर कोंबडी होती.

छप्पर बसलं तेव्हा गाडी अशी दिसली, मावशी, की कपाळावर टोपी ओढून भिंतीला टेकलेला देखणा टवाळ. मनुएलने कौतुकाने स्वतःची टोपी काढली. आठवड्याने पिल्लं बाहेर आली, सीट परत बसवली, मी आत शिरलो, आणि माझं डोकं छपराला लागून उजव्या खांद्यावर पडलं. लोरीन खिडकीतून बघून म्हणाली, “राहू दे तसाच. पहिल्यांदाच वाटतंय की तू माझं ऐकतोयस.”

सगळे उपाय झाले. सीट काढून चालवली तर काचेतून फक्त आभाळ दिसतं. लोरीनचे टोमॅटो आभाळात नव्हते. डोकं खिडकीबाहेर काढून टपालपेटीपर्यंत गेलो, तर समोरच्या ट्रकमधल्या कुत्र्याने माझ्याकडे बरोबरीच्या नात्याने पाहिलं. मनुएल माझ्याहून वीतभर उंच. कापलेल्या तुकड्यांच्या त्याने गोठ्याच्या दाराला बिजागऱ्या केल्या, म्हणजे परतीची वाट बंद. लोरीनला म्हटलं, तू चालव. ती म्हणाली, झोपलेल्या प्रवाशांची सवय असलेल्या इंजिनामागे मी बसणार नाही.

अशात व्हर्नन आला. त्याने गाडीभोवती फेरी मारली, माझं डोकं आणि छप्पर यांचं अंतर डोळ्यांनी मोजलं आणि पोट धरून हसला. मग गोड आवाजात म्हणाला, “आर्डिथमामीला तू कळवतोस की मी कळवू?” म्हणून हे पत्र मी लिहितोय. गाडी तुझी, निकाल तुझा.

पिल्लांना तुझी आठवण सांगितली आहे. गुडघ्यांना जप.

तुझा, कानापासून वर थोडा दबलेला,
लेस्टर

ता. क. काल मनुएलने सहज विचारलं, हार्लनची बायको उंचीने केवढी? मी शर्टाच्या खिशापाशी हात धरला. तो गाडीकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. मावशी, लढाईच्या सगळ्या वर्षांत द्राक्षमळ्यात ट्रॅक्टर तू चालवलास. पण काकांनी या गाडीच्या स्टिअरिंगला तुला कधी हात लावू दिला नाही, पाय पोचत नाहीत म्हणून. आम्ही पेडलांवर लाकडी ठोकळे बसवले आहेत. आता पोचतील. गाडी ओसरीसमोरून गेली पाहिजे, एवढीच तुझी अट होती. ती कुणी चालवायची, हे तू बोलली नव्हतीस.

आणखी एक. तू गाडीत, मग ओसरीवरून बघायला कुणीतरी हवं. व्हर्ननला बसव आणि लिंबाचं सरबत दे. तो पायीच येईल. त्या दिवशी हसता हसता त्याने आपल्या चॉकलेटी गाडीची खिडकी उघडी ठेवली. तांबडी आत नवी अंडी घालून बसली आहे, आणि लोरीनने त्यालाही नियम सांगितला आहे.

शेवटचं. चर्चची पिसांची टोपी घरी ठेव, रुमाल बांध; तेवढीच जागा आहे. इंजिन अजून माझ्या हाताखाली पायी चालण्याच्या वेगावर जायला मागत नाही. पण ते एकदा काकांसाठी पळालं होतं. तुझ्यासाठी पळेल असं वाटतं.